बुंदीचं दुसरं टेबल

ज्योत्स्नाबाईंना कुठलीही गोष्ट वाटून घेणं जन्मात कधी जमलं नाही. स्वभावानं वाईट म्हणावं, तर तसंही नाही. शेजारीण आजारी पडली की तिच्या घरचा डबा आपणहून करायच्या, दारात आलेल्याला चहा घेतल्याशिवाय हलू द्यायच्या नाहीत. पण जे आपलं ते आपलंच. त्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडला की बाईंच्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं जुनं होतं. लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत वडील धाकट्या ललिताला खांद्यावर घ्यायचे आणि हिला बोट धरून चालवायचे. मिरवणुकीतले निळे झेंडे, बेंजो, सरबताच्या टाक्या, यातलं काही हिला दिसायचं नाही. दिसायचे ते वडिलांच्या छातीवर लोंबणारे बहिणीचे पाय. आज ललिता आजी झाली आहे, तरी ज्योत्स्नाबाईंच्या डोळ्यांपुढून ते पाय हललेले नाहीत.

नवरा मिळाला तोही साऱ्या जिल्ह्याचा. मनोज एसटीत कंडक्टर होता. नामपूरच्या म्हातारीची गोळ्यांची पाकिटं, सुरगाण्याच्या मास्तरांचा चष्मा, सगळं ह्याच्या पिशवीतून जायचं. घरी येईपर्यंत बोलून बोलून त्याचा घसा बसलेला असायचा, आणि बायकोच्या वाट्याला यायचं ते हं आणि हं. तो गेला तेव्हा उपनगरातल्या त्यांच्या कॉलनीत इतकी माणसं रडायला आली, की आपल्याला रडायलाही कोपरा उरला नाही असं ज्योत्स्नाबाईंना वाटलं. नवऱ्याच्या मयताला आलेल्या लोकांचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. त्यांनी ते गिळलं.

मूलबाळ नव्हतं. मग पार्किंगमधल्या स्कूटरखाली बुंदी सापडली. गावठी कुत्री, पिवळट अंगावर काळपट ठिपके, एक कान कायम दुमडलेला. ती बाईंच्या मागे घरात आली आणि राहिली. ज्योत्स्नाबाई मोरीत गेल्या तर ही मोरीच्या दाराशी, गॅलरीत गेल्या तर गॅलरीत. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच बाईंना कुणीतरी अख्खं मिळालं होतं.

अडचण एकच होती. बाईंचं काम लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं. त्यासाठी त्यांनी शहरातल्या कॅनडा कॉर्नर चौकाच्या मागच्या गल्लीत एक टेबल भाड्यानं घेतलं होतं. चंदर नावाच्या माणसानं दुसऱ्या मजल्यावर एक मोठा हॉल घेऊन त्यात टेबलं मांडली होती. ज्याला स्वतंत्र गाळा परवडत नाही, त्यानं इथं टेबल घ्यायचं. वायफाय सगळ्यांत एक, पाण्याचा फिल्टर एक, संडास एक. ज्या बाईला वाटून घेणं जमत नाही तिनं नेमकं इथं येऊन बसावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आणि त्या इकडे आल्या की बुंदी घरात एकटी दिवसभर रडायची. शेजारी कुरकुरायला लागले. तेव्हा बाईंनी हॉलमध्ये सगळ्यांपुढे विषय काढला, की मी उद्यापासून बुंदीला इथं आणणार.

मोहिनी लगेच टाळ्या वाजवायला लागली. ती पोरगी लग्नपत्रिका आणि पोस्टर करायची आणि तिला कुत्रं, मांजर, खार, सगळंच आवडायचं. चंदर डोकं खाजवत म्हणाला, "ताई, केस पडतील. कुणाचं गिऱ्हाईक घाबरलं तर?" खरा विरोध आला तो खिडकीजवळच्या टेबलावरून. तिथं कोंडाजी बसायचे. मूळचे सुरगाण्याकडच्या डोंगरातले, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले, आता लोकांच्या जमिनींचे नकाशे काढून देणारे. लहानपणी शाळेच्या वाटेवर कुत्र्यानं त्यांची पोटरी फाडली होती.

"कामाची जागा हाय ही," ते मान वर न करता म्हणाले. "कुत्र्यानं अंगणात बसावं. हितं काय काम तिचं?"

"जिन्यात पान थुंकणारी माणसं चालतात इथं!" बाई कडाडल्या. "माझी बुंदी त्यातलं काय करते, सांगा!"

"ती काय करंल ते मला नाय ठाऊक. मला भ्या वाटतं, येवढं खरं."

मग त्यांनीच तोडगा काढला. बुंदीला आणून बघू. कुणालाही, अगदी एकालाही, त्रास झाला तर त्यानं चंदरला सांगायचं. कारण द्यायचं नाही, चंदरनं नाव फोडायचं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बुंदी बंद. कोंडाजींनी मान डोलावली. नियम बाईंचा, बाईंच्याच तोंडून निघालेला, हे इथं लक्षात ठेवा.

पहिले काही दिवस बुंदी बाईंच्या खुर्चीला चिकटून होती. मग ती फिरायला लागली. मोहिनीकडे बिस्कीट खायची, चंदरची चप्पल हुंगायची आणि परत यायची. बाई कौतुकानं बघायच्या. एका दुपारी ती परत आली नाही. बघतात तर बुंदी खिडकीजवळच्या टेबलाखाली, कोंडाजींच्या अनवाणी पायांवर हनुवटी टेकून झोपलेली. कोंडाजी काम करताना चपला काढून ठेवायचे. ते ताठ बसले होते, पेन्सिल हवेत, चेहरा पांढराफटक.

"ताई, हिला घ्या की."

बाईंनी हाक मारली. बुंदीनं एक डोळा उघडला, शेपटी दोनदा फरशीवर आपटली आणि डोळा मिटून घेतला. मोहिनी खळखळून हसली. बाईही हसल्या, पण त्यांच्या पोटात ते जुनं दुखणं हललं.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. सकाळी पट्टा सोडला की बुंदी सरळ खिडकीकडे. कोंडाजींनी तिला ना कधी गोंजारलं, ना बिस्कीट दिलं. आधी घाबरले, मग सोसलं, मग एक दिवस घरून जुना टॉवेल आणून टेबलाखाली अंथरला. "फरशी गार लागती तिला," एवढंच म्हणाले. हे ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. फरशी गार लागते हे ह्यांना कळावं? तीन वर्षं कुणी सांभाळलं तिला?

बाई मग चढाओढीला उतरल्या. कोंबडीची कलेजी उकडून आणली. बुंदीनं ती मिटक्या मारत खाल्ली, तोंड पुसल्यासारखं बाईंच्या साडीला घासलं आणि खिडकीकडे निघून गेली. बाईंनी स्वतःच्या चपला काढून पाहिल्या. दिवसभर पंख्याखाली पाय गारठवून बसल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी मोहिनीला हळूच विचारलं, "काय आहे गं त्या माणसात एवढं?"

"काही नाही हो ताई. काका गप्प असतात, एवढंच. तुम्ही फोनवर केवढ्यानं ओरडता! बुंदीचे कान मागे जातात तेव्हा. तुम्ही बघितलं नाही कधी?"

बाईंनी बघितलं नव्हतं. दुकानदार बिलं वेळेवर देत नाहीत, तेव्हा ओरडावं लागतं, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या फोनवर कुजबुजायला लागल्या. द्वारका चौकातल्या हार्डवेअरवाल्यानं काळजीनं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाय का?" बुंदी त्या दिवशी थोडा वेळ त्यांच्या पायाशी येऊन बसलीसुद्धा. बाईंचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं चार महिन्यांची बिलं हरवल्याचं सांगितलं आणि बाईंच्या तोंडून जे निघायचं ते निघालंच. बुंदी उठली.

तरीही हे सगळं बाईंनी चालवून घेतलं असतं. रात्री तर बुंदी आपल्याच घरी असते, अशी त्या मनाची समजूत घालायच्या. पण एका संध्याकाळी त्यांनी पट्टा हातात घेऊन हाक मारली, "बुंदी, चल घरी." बुंदी उभी राहिली. ती बाईंकडे आली नाही. तिनं मान वळवून कोंडाजींकडे पाहिलं आणि थांबली. कोंडाजी नकाशातून डोकं न काढता म्हणाले, "जा." तेव्हा ती आली.

आपल्या कुत्रीनं आपल्या घरी यायला त्या माणसाची परवानगी घेतली! त्यांनी पट्टा खाटकन अडकवला. त्यांना रडू येत होतं आणि कोंडाजींच्या त्या शांत टकलावर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. दोन्ही त्यांनी आवरलं. बुंदीला घेऊन त्या बाहेर आल्या आणि जिन्यातच चंदरला फोन लावला.

"तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून बुंदी बंद करा."

चंदर गोंधळला. "ताई, तुमचीच कुत्री ना? तुम्ही आणू नका, झालं."

"तसं नाही चालणार! मी आणलं नाही तर सगळे विचारतील का. नियम आहे ना? कुणीतरी तक्रार केली म्हणून सांगा. नाव फोडायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी चंदरनं सगळ्यांपुढे ते सांगितलं. बोलताना तो छताकडे बघत होता. हॉलमधल्या सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्हीच ना? तुम्हाला पहिल्यापासून नकोच होती ती."

कोंडाजींनी पेन्सिल खाली ठेवली. आधी त्यांनी मोहिनीकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाबाईंकडे. बाईंनी घाईनं संगणकात तोंड घातलं.

"हां," कोंडाजी म्हणाले. "भ्या वाटतं मला. आधीच सांगितलं व्हतं."

मोहिनी त्यांच्याशी बोलायची बंद झाली. त्यांचा चहा कुणी टेबलापर्यंत नेईना. बाईंना सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही. पण बुंदी आता आपली, हा विचार सगळ्यांत मोठा होता. त्या काम लवकर आटपून घरी पळायच्या. बुंदी दाराशी असायची, पण तोंड बाहेरच्या बाजूला. बाई आत आल्या की ती त्यांच्या मागे डोकावून बघायची आणि कुणी नाही म्हटल्यावर पुन्हा तिथंच बसायची. आता ती रडत नव्हती. सकाळी खुंटीवरच्या पट्ट्याखाली जाऊन उभी राहायची, आणि बाई एकट्याच निघाल्या की खाली बसायची.

आठवडाभरानं कोंडाजींनी तो टॉवेल घडी करून बाईंच्या टेबलावर ठेवला. "बुंदीचा हाय. तिला लागंल."

बाईंनी टॉवेल घरी नेला. बुंदीनं त्यात नाक खुपसलं, दोन गिरक्या घेतल्या, त्यावर अंगाचं वेटोळं केलं आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपली. बाई पलंगावर बसून बघत राहिल्या. एका मळक्या टॉवेलाचा त्यांना हेवा वाटला. बुंदी पाणी प्यायला उठली तेव्हा त्यांनी तो उचलला, मोरीत नेला, साबणाच्या गरम पाण्यात भिजवला आणि धोपटण्यानं असा बडवला की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली.

संध्याकाळी वाळलेला टॉवेल त्यांनी पुन्हा अंथरला. शुभ्र, घमघमणारा. बुंदी धावत आली. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा हुंगला. मग पुन्हा हुंगला. मग तिनं ज्योत्स्नाबाईंकडे मान वर करून पाहिलं, जसं काहीतरी हरवल्यावर घरातल्या माणसाकडे बघतात, आणि बारीक आवाजात कण्हली.

बाई फरशीवर बसल्या आणि बुंदीला मिठी मारून रडल्या. मनोज गेल्यावर राहिलेलं रडणंही त्यातच उरकलं.

सकाळी त्या बुंदीला घेऊनच हॉलमध्ये शिरल्या. चंदरनं तोंड उघडायच्या आत, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तक्रार माझी होती. मी केली होती. ती यांच्याकडे जाते, ते मला बघवत नव्हतं." मोहिनीचा माऊस हातातच राहिला. बाई खिडकीकडे वळल्या. "कोंडाजीभाऊ, तुम्ही कशाला आपल्या अंगावर घेतलंत?"

"मी तुमच्या मागनंच दाराशी आलो व्हतो ताई, फोन चालू व्हता तव्हा," कोंडाजी म्हणाले. "तुमचा आवाज काय लहान हाय का?"

मोहिनीला हसू फुटलं आणि मग तिनं उठून मुकाट्यानं कोंडाजींचा चहा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

बाईंनी वाकून पट्टा सोडला. तेवढ्यापुरती आशा होती, खोटं कशाला बोलायचं. बुंदीनं त्यांचा हात चाटला आणि सरळ खिडकीकडे धावत सुटली. धुतलेला टॉवेल बाईंच्या पिशवीतच होता. तो त्यांनी स्वतः नेऊन कोंडाजींच्या टेबलाखाली अंथरला. दिवसभर त्यांचा जीव जळत होता. त्यांनी तीन फोन केले आणि तीनही जिन्यात जाऊन केले.

संध्याकाळी पट्टा घेऊन त्या उभ्या राहिल्या. "बुंदी, चल घरी." बुंदी उठली, आणि तिनं कोंडाजींकडे पाहिलं. कोंडाजींनी तोंड उघडलं.

"राहू द्या भाऊ," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुमचं काम होऊ दे. मी थांबते."

आणि पट्टा मांडीवर घेऊन त्या आपल्या खुर्चीत बसून राहिल्या.