चौदा वेळा दिलेला कोट

एकच कोट एकाच माणसाला चौदा वेळा दान दिलाय कधी? मी दिलाय, आणि चौदाही वेळा टाळ्या घेतल्यात.

आमची नाटकमंडळी वस्तीतली. शाळेनं मला सातवीत सोडलं, पण नाटकं मीच लिहितो. हे नाटक दानावरचं. शेवटी शेठ अंगातला कोट काढून थंडीत काकडणाऱ्या म्हाताऱ्याला घालतो. शेठ झालेत गल्लीतले शिंपी. जिन्याखाली दुकान, एक मशीन, तोंडात सदा टाचण्या, म्हणून अख्ख्या गल्लीचे टाचणीकाका. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कोट शिवले, घातला हा पहिलाच. म्हातारा म्हणजे जिथं तालीम करतो त्या शाळेचा पहारेकरी. अंगावर एक विरलेली चादर. काकडायला त्याला शिकवावं लागलं नाही.

प्रयोग संपला की मी विंगेत पेटी उघडून उभा. कोट आत, वर कुलूप. नियम माझाच.

चौदाव्या प्रयोगानंतर काका म्हणाले, "अस्तर उसवलंय, दे इकडे." मी दिला. स्वतःला मोठा शहाणा समजतो, तरी दिला.

पंधराव्या प्रयोगाला तासभर उरला आणि काका कोटात शिरेनात. खांदे आवळलेले, बाह्या चार बोटं आखूड.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

त्यांनी एकेक टाचणी तोंडातून काढून कॉलरला टोचली. मी जळत उभा. मग म्हणाले, "मापाला आणला."

"कुणाच्या?"

त्यांनी पहारेकऱ्याकडे मान केली.

"अहो, घालायचा तुम्हाला आहे. उसवा आणि मोठा करा. आत माया सोडली असेलच."

उसवून वाढवता यावं म्हणून शिंपी शिलाईच्या आत जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. काकांनी ती कधी कुणाची कापली नव्हती.

"नाही सोडली. कापून टाकली."

"आणि पुढचा प्रयोग? तुमचे वडील करणार?"

"ते पण शिंपीच होते. कापलेलं त्यांनाही जोडता आलं नसतं. तू लिहिलंस ना, दिला की त्याचा? मग दे की."

कोपऱ्यातून पहारेकरी म्हणाला, "दादा, भांडू नका. मला नको तो. मी बिनकोटाचाच बरा काकडतो."

मी कपाळाला हात लावला.

काकांनी कोट नुसता खांद्यावर टाकून शेठ उभा केला. शेवटी तो म्हाताऱ्याला घातला. म्हाताऱ्यानं पाचही बटणं लावली, खिशात हात घातले आणि काकडायचं थांबला. त्याचं वाक्य विसरलाच. लोक वाट बघत बसले, टाळी एक नाही. माझ्या नाटकाचं पार मातेरं.

पडदा पडला. सवयीनं मी पेटी उघडून उभा. तो आला आणि त्याच्याही सवयीनं हात वरच्या बटणाकडे गेला. पहिलं सुटलं. दुसरं सुटलं. माझ्याच्यानं बघवेना.

"राहू द्या, बाबा," मी खेकसलो. "लावा ती बटणं. बाहेर गारठा आहे."

तो फाटकावर गेला. काकांनी टाचण्या परत तोंडात घातल्या. म्हणजे विषय संपला.

आता दर प्रयोगाला एक कोट जाणार, आणि ज्याला द्यायचा त्याचं माप काका आधीच घेऊन येणार. हे खूळ मंडळी बुडवणार, हे मी लिहून देतो. सोळावा रविवारी आहे आणि पेटी रिकामी. तुमच्याकडे कोट असेल तर माझ्याकडे आणू नका, मी कुलूप लावीन. जिन्याखाली काकांकडे द्या, आणि परत मागायला येऊ नका.