हरकत आहे

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. इकडे आखातात, देऱ्यात एका टायपिंग सेंटरमध्ये अकरा वर्षं बसते. व्हिसा, आयडी, भाडेकरार, जगभरच्या लोकांचे फॉर्म मी भरते, आणि समोरच्याला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगता आलं नाही की खेकसते. पण गुणवंत कुबलवर जेवढी खेकसले तेवढी कुणावरच नाही. आता त्यातलं एकेक आठवलं की जीव नकोसा होतो.

गुणवंतदादा मालवणकडचा गाबीत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्यांतला. वय बावन्न. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवतात, तिथे तो कटिंगला होता. पहिल्यांदा माझ्याकडे आला तो मासे धरायचा परवाना काढायला. इथे धक्क्यावर बसून नुसता गळ टाकायचा तरी परवाना लागतो. फॉर्म अगदी सोपा, नाव, आयडी, फोटो. शेवटी एक रकाना, ‘पर्पज’. मी न विचारता ‘हॉबी’वर टिक करून कागद त्याच्यापुढे सरकवला.

“ह्या काय लिवलंस, ताय?”

“हॉबी. छंद.”

त्याने पेन खाली ठेवलं. “छंद नाय तो माझो. हक्क असा.”

“हबीबी, इथे हक्काचा रकाना नाही,” मी म्हटलं. “हॉबी नाहीतर कमर्शियल. यल्ला, सही कर, मागे लाइन लागलीय.”

त्याने सही केली नाही. फॉर्मची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेला. मला वाटलं, सुटले.

पण पुढच्या रविवारी हा पुन्हा हजर. परवाना नाही म्हणून गळ टाकत नव्हता, आणि छंद लिहिणार नाही म्हणून परवाना काढत नव्हता. असला अडेलतट्टू माणूस मी बघितला नाही. दर रविवारी बसने यायचा, लाकडी धाऊ गलबतं जिथे माल भरतात त्या धक्क्यावर पाण्याकडे बघत तासभर बसायचा, आणि मग माझ्याकडे करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा प्यायला यायचा. मीच मागवायचे. कुणीतरी आपल्या भाषेत बोलतंय, एवढंच मला पुरेसं होतं.

बोलायचा तो फक्त रापणीबद्दल. रापण म्हणजे त्यांच्याकडचं किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने समुद्रात वळसा घालून टाकायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभं राहून सगळ्या वाडीने ओढायचे. त्यांचा रिवाज असा की ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीतला वाटा. मग ती विधवा असो, म्हातारा असो, नाहीतर वाटेने जाणारा कुणी परका असो.

“वाटो मागूचो लागना नाय,” तो सांगायचा. “हात लागलो, खलास. हक्क झालो.”

मग विजेचे झगमगते दिवे लावून रात्रीत समुद्र उपसणारे मोठे ट्रॉलर आले आणि रापणीत कचरा यायला लागला. वाडीतले सगळे मासेमारी खात्याच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. तिथल्या साहेबाने विचारलं, तुमचा हक्क कुठे लिहिलाय, दाखवा. कुणाकडे काहीच नव्हतं. त्याच वर्षी गुणवंतदादा इकडे आला.

“घटनेत लिवूक होयो होतो,” तो एकदा म्हणाला. “बोलूचो हक्क लिवल्यानी, देव पुजूचो लिवल्यानी. दर्यातलो मासो धरूचो लिवल्यानी असतो तर माका खिडक्यो कापूक लागल्यो नसत्यो.”

“घटनेत बांगडे नि पेडवे कोण लिहिणार, दादा?” मी हसत सुटले. “उद्या म्हणशील, सोलकढी पण लिहा.”

तोही हसला. पण चहा अर्धाच ठेवून उठला, आणि मी पुढच्या माणसाचा फॉर्म घेतला.

या मार्चमध्ये, ईदच्या आधीच्या रविवारी, तो दुपारी चहाच्या वेळेआधीच आला. वाडीची एक जागा होती, किनाऱ्यालगतची लांब पट्टी. तिथे जाळी सुकवायची आणि तिथेच उभं राहून रापण ओढायची. बावीस घरांच्या नावावर एकत्र. एका रिसॉर्टवाल्याला ती हवी होती. एकवीस घरं कबूल झाली होती, राहिला होता गुणवंत. बावीसच्या बावीस कागद आल्याशिवाय विक्री होत नव्हती. त्याचा चुलतभाऊ सुरेश गावातली सगळी कागदपत्रं बघायचा, गुणवंतदादाचं मुखत्यारपत्रही त्याच्याकडेच होतं. त्याने कळवलं होतं की दादा, तुझं काय ते इंग्रजीत लिहून सही करून पाठव, रिसॉर्टच्या वकिलाला द्यायचंय.

“लिव,” गुणवंतदादा म्हणाला. “माझी हरकत असा. मी जिवंत असासर ती जागा इकूची नाय. ह्या एकदा तरी लिवलेला ऱ्हवांदे.”

त्या दिवशी माझ्यापुढे माणसं दारापर्यंत उभी होती. ईदच्या सुट्टीआधी सगळ्यांनाच घाई. सकाळपासून मी एकच कागद काढत होते, एनओसी. नोकरी बदलायला एनओसी, बायकोला आणायला एनओसी, गाडी विकायला एनओसी. या देशात माणसाचं पान एनओसीशिवाय हलत नाही. मी तीच फाइल उघडली, नाव बदललं, पासपोर्ट नंबर बदलला, विषयात जमिनीची विक्री घातली. बाकीचं बोटांनी केलं. अकरा वर्षं त्यांनी जे केलं तेच केलं.

“वाचून दाखव,” तो म्हणाला. इंग्रजी त्याला अक्षरं जुळवून यायचं, घाईत नाही.

मी स्क्रीनकडे बघत मराठीत घडाघडा म्हणून दाखवलं. मी, गुणवंत कुबल, रापणीचा भागीदार, सदर विक्रीला माझी हरकत आहे. मी कागदावरचं वाचलंच नाही. त्याने जे सांगितलं होतं तेच त्याला परत सांगितलं. त्याने समाधानाने सही केली, बापाचं नाव शेवटपर्यंत काढून. मीच स्कॅन करून सुरेशला पाठवलं आणि मूळ कागद कुरियरला दिला.

कागदावर होतं, आय हॅव नो ऑब्जेक्शन.

पुढचे पाच रविवार तो खुशीत होता. एकदा माझ्यासाठी वर्कशॉपमधून उरलेल्या पट्टीचा फोन ठेवायचा स्टँड बनवून आणला. मग एका मंगळवारी, कामाच्या दिवशी, तो दारात उभा दिसला. हातात मोबाइल. मोबाइलवर फोटो, वाळूत रोवलेले सिमेंटचे खांब आणि त्यांना तारेचं कुंपण. त्याने सुरेशला फोन केला होता. सुरेश म्हणाला, दादा, तूच तर लिहून पाठवलंस, आम्हा सगळ्यांना आश्चर्यच वाटलं.

“बायको इचारता, तुम्ही सही कशी दिलात,” तो म्हणाला. “काय सांगू गे?”

मी फाइल उघडली. पहिलीच ओळ. सगळ्या लोकांसमोर मी रडले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, दादा, चूक माझी आहे, मी लिहून देते, दुसरा कागद करू, वकिलाशी बोलू. बोललेही. मी शोधलेला तिकडचा वकील म्हणाला, रजिस्ट्री झाली आहे, कोर्टात जा, वर्षं लागतील, आणि दावा भावावरसुद्धा लावावा लागेल. गुणवंतदादाने नकारार्थी मान हलवली. सुरेशला कोर्टात उभं करायची त्याची तयारी नव्हती.

त्याने मला एक शब्द बोलायला हवा होता. मी माणसांना किती बोलते, मला कुणीतरी फाडून खायला हवं होतं. तो एवढंच म्हणाला, “तुझी गर्दी होती.”

नंतर दीड महिना तो आला नाही. मी करक चहा सोडला. धक्क्यावर जाऊन बघून आले, तिथेही नव्हता. फोन केला तर म्हणायचा, ड्युटी असा, ताय, इन्शाल्ला येतंय.

गेल्या रविवारी आला. वाळल्यासारखा दिसत होता. समोरच्या खुर्चीवर बसला आणि शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर पिवळा पडलेला. त्याचा जुना, सही न केलेला फॉर्म.

“नवो काढ,” तो म्हणाला. “छंदार टिक कर.”

“दादा, नको,” मी म्हटलं. “तू म्हणाला होतास…”

“तेव्हा जागा होती.”

मी नवीन फॉर्म काढला. नाव, आयडी, फोटो. हॉबीवर टिक. त्याने पेन उचललं, आणि थांबला.

“वाचून दाखव,” तो म्हणाला. “बोट ठेवन.”

मी एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. तोही माझ्या बोटाबरोबर अक्षरं जुळवत गेला. शेवटच्या रकान्याशी पोचलो तेव्हा त्याने ते माझ्याआधी वाचलं.

“हॉबी,” तो म्हणाला. “बरोबर असा.” आणि सही केली.