जमातीसमोर दिलेली माफी

नव्याण्णव सालच्या सप्टेंबरात शौकतने आपलं सुतारकामाचं वर्कशॉप बंद केलं आणि याकूबची चौदा वर्षांची नोकरी संपली. "धंदाच राहिला नाही. पण तुझा व्हिसा कॅन्सल करत नाही, बाहेर मिळेल ते काम कर," शौकत म्हणाला आणि वर मोठे उपकार केल्यासारखी पाठ थोपटली. दोघं रत्नागिरीकडच्या एकाच गावचे, एकाच मशिदीत अलिफ-बे शिकलेले. हिशेबाचं मात्र शौकतने नाव काढलं नाही.

बेकाराला घरबसल्या पैसे देणारी सरकारी सोय दुबईत नव्हती. नोकरी गेल्यावर मालकाने द्यायची ग्रॅच्युइटी, तेवढाच काय तो आधार. याकूबची भरत होती पंधरा हजार दिरहम, म्हणजे पावणेदोन लाख रुपये. एवढ्या पैशांत त्याच्या मेव्हण्याच्या लाँचमध्ये भागी मिळणार होती. बायकोने, हलिमाने, भावाच्या मागे लागून ती मासेमारीच्या हंगामापर्यंत राखून ठेवली होती. भागी मिळाली की याकूब कायमचा घरी. नाहीतर पन्नाशीच्या सुताराला इथे कोण विचारतो?

लेबर ऑफिसात तक्रार करता आली असती. पण गावच्या माणसाविरुद्ध सरकारी पायरी चढायची नाही, आधी जमातीत, आपल्याच माणसांच्या बैठकीत, बसायचं, हा दुबईतल्या गावकऱ्यांचा रिवाज. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, जहूरभाई दर वेळी म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या जुम्म्याला बघू." वेळ मारून नेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रमजान आला, ईद झाली, हिशेब तिथेच.

मग शौकत हजला निघाला. हजला जाणारा आधी सगळ्यांची माफी मागतो. दुबईच्या देरा भागात जमात जमली, बिर्याणी झाली. शौकत एकेकाला मिठी मारत याकूबपाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्याकडून तुझं काही देणं राहिलं असेल, तर अल्लासाठी माफ कर." सगळी जमात बघत होती. हजला निघालेल्या माणसाला नाही म्हणणारा त्या गावात अजून जन्मला नव्हता.

"माफ केलं," याकूब म्हणाला. खोलीवर आल्यावर त्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

हाजी होऊन आलेल्या शौकतकडे त्याने तरीही पैसे मागितले. "ते तू माफ केलेस ना," शौकत शांतपणे म्हणाला.

तेव्हा कुठे याकूब लेबर ऑफिसला गेला. बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून अरबीत अर्ज करून घेतला. खिडकीतला अरब अधिकारी मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. एक वर्ष उलटून गेलं असतं तर तक्रार घेतलीच नसती, म्हणाला. मग एकेक विचारत गेला. राजीनामा दिला होता? नाही. पैसे मिळाले अशी कुठे सही केली? नाही.

"फिर तुम्हारा हक है. मालिक को बुलाता हूँ."

त्या संध्याकाळी याकूबने हलिमाला फोन केला, "हंगामाच्या आत येतो." हलिमा कितीतरी वेळ नुसती हसत होती.

तारखेला शौकत आला तो जहूरभाईंना घेऊनच. "साहब, इसने जमात के सामने माफ किया है."

"कागज है?"

"कागज नहीं. इसी को पूछो."

अधिकारी याकूबकडे वळला. "तुमने माफ किया था?"

'नाही' म्हणायचं, हे याकूब बसमध्ये घोकत आला होता. एवढा एक शब्द, की पैसे हातात. जहूरभाई मान खाली घालून बसले होते, तेही काही बोलले नसते. पण अल्लाचं नाव मध्ये घेऊन दिलेला शब्द त्याला खोटा पाडता येईना. त्यात मोठेपणा कसला? याकूबला त्या क्षणी शौकतपेक्षाही स्वतःची जास्त चीड आली.

"किया था."

"सोच के बोलो."

"किया था, साहब."

"फिर खलास." अधिकाऱ्याने फाईल मिटून बाजूला टाकली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि बसचा पत्ता नव्हता. शौकतने गाडी आणून समोर उभी केली. याकूब मागच्या सीटवर जाऊन बसला. "गावची अब्रू राखलीस," पुढून जहूरभाई म्हणाले. तिकडे हलिमा शेजाऱ्यांच्या फोनपाशी येऊन बसली असेल, आणि तिला काय सांगायचं हे याकूबला सुचत नव्हतं. देरा येईपर्यंत शौकत मधून मधून विचारत राहिला, एसी वाढवू का, पाणी हवं का. याकूब दर वेळी नाही म्हणत राहिला.