हळदीच्या दिवशी आगीचा विषय

नवऱ्या मुलाला हळद लावून मी हात पुसत होते, तेवढ्यात माझे क्लायंट नईमभाई यांचा माल मला नऊ नंबरच्या गाळ्यात दिसला. शटर अर्धं वर होतं. आत चादरी आणि टॉवेलचे कार्टन पार पत्र्यापर्यंत रचलेले. शटरच्या तोंडाशीच केटररच्या भट्ट्या पेटलेल्या आणि बाजूला गॅसचे सिलिंडर उभे. मी काढून दिलेल्या विम्याच्या पॉलिसीप्रमाणे हा माल चार नंबरच्या गाळ्यात असायला हवा होता. पण चार नंबरच्या गाळ्यात आम्ही सगळे पाटावर आणि सतरंजीवर बसलो होतो. हळद तिथेच चालली होती.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरला कोणालाच वाटत नाही. जिथे शेत होतं तिथे गोडाऊन आली, जिथे खळं होतं तिथे ट्रक वळतात. मोठा मांडव घालायला जागा उरली नाही. मग लग्नघरचे लोक आपल्याच गोडाऊनमधला एखादा गाळा, म्हणजे भाड्याने दिलेला एक भाग, रिकामा करून घेतात. भाडेकरूला सांगायचं, त्याचे हमाल येतात, माल दुसऱ्या गाळ्यात जातो. लग्न उरकलं की माल परत जागेवर. भाडेकरू नाही म्हणत नाही, उलट आहेर घेऊन जेवायला येतो. यात विमा एजंटला काही कळवायचं असतं हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि गोची तिथेच आहे. लोकांना वाटतं, मालाचा विमा काढला म्हणजे माल कुठेही असो, तो सुरक्षित. तसं नसतं. विमा त्या जागेतल्या मालाचा असतो. पॉलिसीवर चार नंबर लिहिलं असेल आणि आग नऊ नंबरला लागली, तर कंपनी शांतपणे म्हणते की आमच्या जागेत काहीच जळलं नाही. नईमभाईंचा सगळा धंदा त्या कार्टनमध्ये होता. लग्नसराईचा माल होता, पार्ट्यांना, म्हणजे घेणाऱ्या व्यापाऱ्यांना, जायचा बाकी. त्या घडीला त्या मालाला विम्याचं काडीचंही संरक्षण नव्हतं आणि समोर दोन भट्ट्या धडधडत होत्या.

मी कोण, ते सांगते. मी वनिता. माहेर अंजूर, सासर जवळच्याच कोन गावात. आधी एका कुरिअरच्या गोडाऊनमध्ये स्कॅनिंगची सुपरवायझर होते, शिफ्ट ड्युटी. कॉन्ट्रॅक्ट संपलं, आम्हाला घरी पाठवलं. दुकान टाकायला डिपॉझिट नव्हतं. विमा एजंट व्हायला मात्र भांडवल जवळजवळ लागत नाही. फोनवर ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली, एका ब्रोकरच्या मार्फत काम सुरू केलं. ब्रोकर म्हणजे ज्याच्याकडे बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसी मिळतात असा मधला माणूस. त्यामुळे मी कुठल्या एका कंपनीची नोकर नाही. डोक्यावर साहेब नाही. पगारही नाही. घरची स्कूटी होती, एक जुना प्रिंटर घेतला आणि दारावर फ्लेक्स लावला.

फ्लेक्स बघून एकही माणूस आला नाही. भिवंडीत विमा बोर्ड वाचून कोणी घेत नाही, ओळखीने घेतो. माझी ओळख म्हणजे बाळारामदादा. आमच्या भावकीतला, मला लांबचा भाऊ; हळद त्याच्याच मुलाची होती. अंजूरला त्याच्या गाळ्यांची मोठी लाइन आहे आणि नाक्यावर झेरॉक्सचं दुकान. त्या दुकानात त्याने मला एक टेबल दिलं, फुकट. आणि सगळ्या भाडेकरूंना सांगितलं की विमा आपल्या वनिताकडून काढायचा. माझे जवळजवळ सगळे क्लायंट असे दादाच्या एका शब्दावर आलेले. म्हणजे दादाशी बिनसलं की माझा धंदा बसला. हे मला त्या हळदीच्या दिवशीही पक्कं ठाऊक होतं.

आधी मी नईमभाईंना गाठलं. ते नवे कपडे घालून पाहुण्यांत बसले होते. त्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं की माल हलवला तो कंपनीला कळवायला हवा होता. ते हसले.

"ताई, दादा के घर की शादी है. ना कैसे बोलता? दोन दिवसांत माल वापस."

मी म्हटलं, "आज रात्रीपर्यंत काही झालं तर एक टॉवेलसुद्धा भरून मिळणार नाही."

त्यांचं हसू गेलं. पण दादाला वाटेल आपला त्याच्यावर भरोसा नाही, म्हणून ते काही बोलायला तयार होईनात. शेवटी एवढं ठरलं की त्यांच्या फोनवरून कंपनीला मेल करायचा. पॉलिसीत मध्येच असा बदल करून घेण्याला आमच्यात एंडोर्समेंट म्हणतात. तो विमाधारकाने मागायचा असतो, गाळामालकाची सही लागत नाही. मला वाटलं, गुपचूप काम होईल.

मेल गेला. विमा कंपनीच्या ब्रँचमधल्या साहेबांना मी फोन केला, कारण शनिवार होता आणि ते दुपारनंतर भेटत नाहीत. त्यांनी नऊ नंबरचे फोटो मागितले. मी पैठणी सावरत, हळदीच्या हातांनी फोटो काढले. भट्ट्या वगळून फोटो काढणं काही अवघड नव्हतं. शटरच्या डाव्या अंगाला उभं राहिलं की त्या दिसतच नव्हत्या. हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. पण असा फोटो पाठवून मिळवलेली मंजुरी क्लेमच्या वेळी टिकत नाही. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, पहिला प्रश्न हाच विचारतो की आग कशाने लागली. मी भट्ट्यांसकट फोटो पाठवले.

साहेबांचा लगेच फोन आला. "मॅडम, हे काय आहे?"

"हळदीचा स्वयंपाक आहे, सर."

"भट्ट्या आणि सिलिंडर लांब हलवा. मग फोटो पाठवा, मी करतो. आहे तसं मी करणार नाही."

आता गुपचूप काही उरलं नाही. दादा मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभा होता. मी जाऊन हळू आवाजात सांगितलं की भट्ट्या मागच्या मोकळ्या जागेत न्यायला हव्यात, मालाला आग लागायची भीती आहे. 'आग' हा शब्द मी उच्चारला आणि धवला, म्हणजे हळदीचं गाणं, म्हणणारी बाई नेमकी श्वास घ्यायला थांबली. चार बायकांनी वळून पाहिलं. लग्नाच्या घरात, हळदीच्या दिवशी, माहेरच्या सवाष्णीने आगीचं नाव काढलं. याहून मोठा अपशकुन आमच्याकडे नाही.

दादाचा चेहरा दगडासारखा झाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"वनिता, तुला माज्या पोराला हलद लावाला बोलावली. धंदा कराला न्हाय. भट्टी हाय तिथंच रहल."

मी तिथेच उभी राहिले. रडू येत होतं, आणि रागही. या माणसाने मला टेबल दिलं होतं. पण टेबल दिलं म्हणून नईमभाईंचा माल राम भरोसे सोडायचा, हे मला पटेना. माझं सांगणं नईमभाईंनी पुरतं मनावर घेतलं नव्हतं, पण साहेबांचं 'करणार नाही' त्यांनी फोनच्या स्पीकरवर स्वतः ऐकलं होतं. ते पुढे आले.

"दादा, माफी. पर ये मेरी रोजी है. माझे हमाल भट्टी उचलतील, तुमच्या माणसांना त्रास नाही देणार."

पाहुण्यांसमोर भाडेकरूने असं म्हटल्यावर दादाला नाही म्हणता येईना. त्याने मान फिरवली. तोच होकार समजून हमाल कामाला लागले. भट्ट्या विझवून, गार करून, मागे नेऊन पुन्हा पेटवण्यात बराच वेळ गेला. केटरर शिव्या देत होता. भात कच्चा राहिला. पहिली पंगत उशिरा बसली आणि भुकेले पाहुणे एकमेकांना सांगत होते की ती विमावाली बाई आहे ना, तिच्यामुळे. फोटो गेले, मंजुरी आली. मी न जेवता घरी गेले.

आग लागली नाही. ठिणगीसुद्धा उडाली नाही. लग्न झालं, पूजा झाली, माल परत चार नंबरला गेला आणि तसा दुसरा मेल मी करून घेतला. आमच्या धंद्यात हा एक कायमचा त्रास आहे. काही घडलं नाही की आपण उगाच तमाशा केला असं ठरतं.

पुढच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल नव्हतं. भाडेकरूंचे फोन येईनासे झाले. रिन्यूअलला, म्हणजे पॉलिसी पुढे चालू ठेवायच्या वेळी, एकेक जण दुसऱ्या एजंटकडे गेला. नईमभाई तेवढे राहिले. त्यांनी कापडबाजारातली दोन माणसं पाठवली, त्या दोघांनी आणखी कोणाला. मी स्कूटीवर फिरत होते. घरी विचारलं की बरं चाललंय म्हणायचे. बरं चाललेलं नव्हतं.

मग एकदा रस्त्यापलीकडच्या कंपाउंडमध्ये आग लागली. तिथेही कुणाच्या तरी बारशासाठी माल इकडचा तिकडे केला होता. क्लेम नामंजूर झाला आणि त्या भाडेकरूने सगळी भरपाई गाळामालकाकडे मागितली, पंचायत बसवली. गाळामालक दादाचा व्याही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी दादाचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"पोरीचा साखरपुडा हाय. चार नंबर खाली कराचा हाय, नईमचा माल सातमधी टाकतो. तुजा ता मेल आधी कर." मग म्हणाला, "आनि भट्टी कुठं लावाची, ता पन येऊन सांग."

मी गेले. मांडवाचा बांबूही आला नव्हता. रिकाम्या आवारात उभं राहून मी जागा दाखवली आणि दादाने माझ्यादेखत केटररला फोन करून ती सांगितली. तेव्हा आम्ही दोघांनीही आग हा शब्द तोंडातून काढला आणि कोणाचंच काही बिघडलं नाही.

धोका कसा ओळखायचा ते ट्रेनिंगमध्ये शिकवतात, कधी बोलायचं ते शिकवत नाहीत. ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. नवीन गोडाऊनवाला क्लायंट आला की मालाच्या आधी मी विचारते, घरात लग्नाचं कोण आहे आणि कधी उरकताय. काहींना वाटतं मी जोडीला स्थळंही बघते. परवा एकाने मुलीचा बायोडेटाच हातात दिला. मी तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. मुलीच्या बापाचे पंधरा गाळे आहेत, म्हणजे पंधरा भाडेकरू.