देवळाची कोरडी पायरी

पाणी छातीला लागलं तेव्हा मी शेजारच्या शेवंताच्या घरात उभी होते. पलंगावर टेबल ठेवून त्यावर तिच्या लुळ्या सासूला निजवलं होतं. टेबल डगमगत होतं आणि ते आम्ही दोघींनी गच्च धरलं होतं. म्हातारी म्हणाली, "सोडा गं मला, तुम्ही तरी जा." शेवंता ओरडली, "गप पडा आत्याबाई! जन्मभर ऐकवलंत, आज ऐका!"

आमच्या नदीकाठच्या वस्तीची एक रीत आहे. नदी देवळाच्या पायरीला लागली की सामान बांधायचं. मागच्याच महिन्यात कॉलेजची एक मुलगी घरोघर पट्टी लावून जोत्याची उंची मोजून गेली. ती म्हणाली होती, "आजी, वर ओढा बुजवून इमारती झाल्यात. आता पाणी मागच्या गटारातून चढेल. फोनवर पुराचा निरोप आला की लगेच निघा." मी तिला म्हटलं, "नदी तू आम्हाला शिकवणार होय?"

निरोप दुपारी आला. आम्ही जाऊन पायरी पाहिली. ती कोरडी होती, म्हणून परत येऊन भाकरी थापायला बसलो. पाणी मागून आलं.

जुन्या माणसाला नदी कळते, हे खोटं नाही. पण आम्हाला कळायची ती नदी उरली नाही. शहरानं तिला दुसरीकडून वळवलं आणि आम्ही जुन्याच दाराशी तिची वाट पाहत बसलो. चूक त्या मुलीची नव्हती, माझी होती.

तासाभरानं होडी आली. शेवंता वाचली, मी वाचले, म्हातारीही वाचली.