चिखलातल्या मरळी

बी.एस्सी. झाल्यावर मला सोलापूरजवळच्या एका तलावावर हंगामी नोकरी लागली. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. ज्या साहेबांनी मला ही नोकरी दिली त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. मला कायम करायचे की नाही, हे ते पावसाळ्यानंतर ठरवणार होते.

तलावात कटला आणि रोहूची पिल्ले सोडायची होती. त्याआधी जुन्या मरळी काढणे भाग होते, कारण मरळ दुसऱ्या माशांवर जगते आणि बोटाएवढी पिल्ले तिच्यापुढे टिकत नाहीत. हे सारे मी कॉलेजात शिकलो होतो. पण साहेब आले की आधी विचारत ते म्हाताऱ्या भोयाला. "काय मामा, किती राहिल्या?" मामा पाण्याकडे बघून अंदाज सांगत आणि साहेब मान डोलवत. माझी वही उघडलेलीच राही. एकदा साहेबांनी आपल्या डब्यातले पान मामांना दिले. मला कधी दिले नव्हते.

वैशाखात तलाव आटला. उरलेल्या डबक्यात जाळे ओढून भोयांनी मरळी काढल्या. मी वहीत 'काम संपले' असे लिहायला घेतले, तेव्हा मामा म्हणाले, "धाकलं सायेब, बांधाकडचा चिखल खणायचा ऱ्हायलाय. आत मरळी हायती."

पाण्याशिवाय मासा जगेल कसा, असे मी विचारले.

"मरळ तोंडानं हवा घेती की. वल्या चिखलात लई दिस जीव धरून ऱ्हाती."

साहेब सांगोल्याकडे दौऱ्यावर होते. ते परतले की मामांचे कौतुक होणार, पुन्हा पानाचा डबा उघडणार, हे मला दिसू लागले. खरे सांगायचे तर मरळ हवा घेते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तरी मी खणणाऱ्यांना घरी पाठवले.

तलाव भरल्यावर पिल्ले आली. आगगाडीत मडक्यांतले पाणी हाताने हलवत, जपून आणलेली. दीड महिन्याने साहेबांसमोर जाळे टाकले, तर त्यात मरळीच मरळी. एकीचे पोट चिरले. आत आमची पिल्ले होती.

साहेबांनी मामांकडे पाहिले. मामा म्हणाले, "माजी नजर चुकली, सायेब."

"होतं कधी कधी, मामा," साहेब हळू आवाजात म्हणाले. चूक पदरात घेऊनही मामांना तो मऊ आवाज मिळाला, याचाच मला आधी हेवा वाटला. लाज नंतर वाटली. मग मी सांगून टाकले की खणणे मीच थांबवले होते, आणि मामांनी मला आधी बजावले होते.

साहेबांनी मला काढले नाही, कायमही केले नाही. पुढच्या वैशाखात मामांच्या हाताखाली राहा, म्हणाले.

त्या वैशाखात गुडघाभर चिखलात उतरून मी स्वतः मरळी काढल्या. साहेब आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मामांनी माझ्याकडे बोट केले. "त्यास्नी इचारा."

एकही राहिली नाही, असे मी सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले आणि मग हळूच मामांकडे पाहिले. मामांनी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी पिल्ले मागवायला सांगितले.