गाडी बरी झाली की

जगात बिघाड ही चीज नसती, तर आमचे शेजारचे काका एका दिवसात म्हातारे झाले असते. हवाई दलात विमानांच्या इंजिनांशी उभा जन्म काढलेले हे कऱ्हाडचे गृहस्थ निवृत्तीनंतर लखनौला विकासनगरात राहत, आमच्या भिंतीला भिंत लावून. कुणाचा नळ गळो, पंखा कुरकुरो, काकांच्या चेहऱ्यावर तेज चढे. नव्वदच्या दशकातल्या एका कडाक्याच्या हिवाळ्यात, नागपूरहून नुकता बदलून आलेल्या मला खोकला झाला, तेव्हा त्यांनी तोही तपासायला घेतला. "थंड असताना येतो, की तापल्यावर? चढावर वाढतो?" काकूंचा काढा आणि डॉक्टरच्या गोळ्या एकदम घ्यायला मला सक्त मनाई होती. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही घेतलंस आणि बरं वाटलं, तर गुण कुणाचा ते कसं कळणार?" शेवटी खोकलाच कंटाळून निघून गेला, आणि त्याचं कारण न सापडल्याची हळहळ काकांना बरेच दिवस होती.

पण या सगळ्या विद्येला पुरून उरली होती ती त्यांच्याच दारातली मोटार. काळी, ढेरपोटी, काकांहून जेमतेम तरुण. कुणीतरी मोडीत काढलेली ती काकांनी घरी आणली, आलमबागच्या भंगारवाल्यांकडून एकेक भाग हुडकून पुन्हा उभी केली आणि काकूंना शब्द दिला, "याच गाडीत बसवून तुला कायमची कऱ्हाडला नेतो." काकूंची बहीण तिकडे होती, कृष्णाकाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं, आणि आयुष्यभर बदल्यांमागे फिरून काकूंचे पाय थकले होते. त्यांनी ट्रंका केव्हाच भरून ठेवल्या होत्या. कधी निघायचं विचारलं, की काका म्हणत, "गाडी बरी झाली की."

आणि गाडी काही बरी होत नव्हती. जाताना झोकात जाई, परतताना आचके देऊन रस्त्यातच बसे. स्टार्टर मारून मारून बॅटरी आडवी पडे. मग गल्लीला हाक. धक्का देणाऱ्यांच्या जागासुद्धा ठरलेल्या होत्या: समोरचे मिश्राजी उजवीकडे, कोपऱ्यावरचा हलवाई मधोमध, डावीकडे मी. मिश्राजी धापा टाकत म्हणत, "अरे साहब, अब तो बेच दीजिए इसे!" काका कळवळून म्हणत, "मिश्राजी, बीमार को कोई बेचता है?"

तपासणीची त्यांची रीत ठरलेली होती. आधी टाकीचं झाकण उघडून, काठी घालून पेट्रोल बघायचं. मग एकच भाग साफ करायचा. आज प्लग, उद्या पॉइंट, परवा कार्बोरेटर. थोड्या वेळाने गाडी सुरू होई आणि त्या दिवशी जो भाग साफ झाला असेल त्याच्यावर आळ जाई. टाकीचं मूळ झाकण भंगारातच हरवलं होतं, म्हणून काकांनी काकूंच्या गोड्या मसाल्याच्या पितळी डब्याचं झाकण आतून रबर लावून असं बसवलं होतं, की थेंब सांडायची बिशाद नव्हती. "विमानाला चालेल!" असं ते कौतुकाने म्हणत. ते उघडताना बारीकसा उसासा येई. काका गाडीच्या पाठीवरून हात फिरवत. "दमली बिचारी."

पुढच्या दिवाळीच्या आधी काकूंच्या चकल्या चालल्या होत्या आणि मी त्या चाखायच्या कामावर होतो. काकांनी तेलाच्या नव्या डब्याला खिळ्याने भोक पाडलं, डबा वाकडा केला, तरी तेल थेंबथेंबच येई. काकू झारा हातात धरून म्हणाल्या, "अहो, दुसरं भोक पाडा की! हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?"

काका डब्याकडे बघतच राहिले. मग खिळा, हातोडी घेऊन अनवाणी अंगणात गेले. ज्या भागावर त्यांनी कधी संशयच घेतला नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या हातचा होता. झाकण उघडलं, उसासा आला. "दमत नव्हती गं," ते घराकडे वळून काकूंना म्हणाले. "गुदमरत होती. टाकीत हवाच जात नव्हती, मीच तोंड दाबून धरलं होतं." त्यांनी झाकणाला बारीकसं भोक पाडलं. त्या संध्याकाळी गाडी आलमबागपर्यंत जाऊन आली, एकदाही न थांबता. काकू मुलीसारख्या हसल्या आणि त्यांनी ट्रंका दाराशी आणून ठेवल्या.

काका मात्र पायरीवर बसून होते. ही गल्ली सोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि ते मला दिसत होतं. मलाही भरून आलं होतं, म्हणून मी थट्टेवर नेलं, "काका, मेणाने बुजवून टाकू का ते भोक?" ते हसले नाहीत. "नको रे. तुझ्या काकूनं फार वाट पाहिलीय."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते निघाले. काकूंनी मला मसाल्याचा तो बिनझाकणाचा डबा दिला. मिश्राजी, हलवाई आणि मी सवयीने गाडीच्या मागे, आपापल्या जागी उभे राहिलो, बाह्या सारून. काकांनी चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली. "कोने पर ज़रूर रुकेगी," मिश्राजी म्हणाले, आणि आम्ही तिघंही तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.

ती थांबली नाही.